फॉर्च्युनर २.८ फोर बाय फोर: नागपुरात महिन्याचा खर्च किती?

संत्रा_बाग: भाऊ, जुनी २.८ डिझेल ऑटोमॅटिक बघतोय, बीएस-६. रोज धरमपेठ ते ऑफिस, रविवारी काटोलकडे बागेत. पावसाळ्यात काळ्या मातीत साधी गाडी रुतते, म्हणून फोर बाय फोरच हवी. महिन्याला दीड हजार किलोमीटर. परवडेल का?

वर्धारोडकर: माझ्याकडे हीच आहे. शहरात लिटरला १० किलोमीटर, मे महिन्यात एसी फुल असला की ९. समृद्धी महामार्गावर ताशी ९०-१०० ने चालवली तर १३ देते, १२० ला नेली की ११. उंच गाडी आहे. ९० वरून १२० ला गेलं की हवेचा अडथळा पावणेदोन पट होतो. तुम्ही १० धरा: १५० लिटर, लिटरला ९० रुपयांनी साडेतेरा हजार. मला डिझेलपेक्षा टायर जड जातात, १८ इंची आहेत ना. घेताना टायरची नक्षी बघाच, चारही झिजलेले असले तर भावात तेवढे कमी करून घ्या.

काळीमाती: फोर-एच, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारा मोड, फक्त चिखलात लावा. कोरड्या डांबरावर लावून वळवली की टायर घासतात, गिअरवर ताण येतो.

संत्रा_बाग: रोजचं ऑफिस जेमतेम चार किलोमीटर आहे. चालेल?

वर्धारोडकर: तेवढ्यात डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवून जाळणारी गाळणी, तापत नाही, काजळी साचते. रविवारची काटोल फेरी चुकवू नका, वाटेत सलग अर्धा तास एकसारख्या वेगानं चालवा. आणि ऑफिसला स्कूटर न्या भाऊ, मी तेच करतो.