मोठ्यांचा एडीएचडी: गोव्यात तपासणी कुठे करावी? आणि आतली तगमग कशी सांभाळता?

चोडणकर
नमस्कार मंडळी. जरा लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

वय ३६, घर चोडणला, नोकरी पणजीत, हिशेबाचं काम. मुलीला तपासून घ्या असं शाळेतून सांगितलं म्हणून गेलो होतो. डॉक्टर एकेक प्रश्न विचारत होते आणि बायको मुलीकडे बघायचं सोडून माझ्याकडे बघत होती. मुलीला एडीएचडी निघाला, म्हणजे लक्ष न लागणं, चंचलपणा, उतावळेपणा हा त्रास. तेव्हापासून माझंही तेच असेल का, हे डोक्यातून जात नाही.

बाहेरून मी एकदम शांत. चारचौघांत गप्प. आत मात्र टाकी भरल्यावरही पंप चालूच राहावा तसं काहीतरी चाललेलं असतं. आरतीला उभा राहिलो की पायाची बोटं फरशीवर वळवळतात. रायबंदरची फेरीबोट डोळ्यांदेखत सुटली तर पुढची येईपर्यंत धक्क्यावर थांबवत नाही. स्कूटर वळवतो आणि मये-डिचोलीकडून वळसा घालून पणजी गाठतो. वेळ जास्त जातो, पेट्रोल जळतं ते वेगळंच. पण चाललोय ना, मग जीव थाऱ्यावर असतो. जीएसटीचं रिटर्न शेवटच्या रात्री बसून भरतो आणि ते बिनचूक असतं, त्यामुळे मला काही त्रास आहे हे साहेबांना पटायचा प्रश्नच नाही.

तर गोव्यात मोठ्या माणसांची तपासणी नीट कुठे होते? गोळ्या घ्याव्याच लागतात का? आणि या तगमगीचं तुम्ही काय करता? "ध्यान करा" एवढंच कृपया सांगू नका.

साखळीचा_संदीप
ध्यान करा. (मस्करी हां दादा, तापू नका.)

फोंड्याची_ताई
फेरीचं वाचून हसू आलं. मी कदंबची वाट बघत एका स्टॉपवर उभी राहूच शकत नाही. पुढच्या स्टॉपपर्यंत चालत जाते आणि मधल्या वाटेत बस मला ओलांडून निघून जाते.

माझं निदान चाळिशी उलटल्यावर झालं. बायकांचं बऱ्याचदा उशिराच होतं. बाकावर उड्या मारणारा मुलगा मास्तरांना दिसतो. खिडकीबाहेर बघत बसलेली मुलगी कुणाला त्रास देत नाही, तिच्या प्रगतिपुस्तकावर "हुशार आहे, पण लक्ष नाही" एवढा शेरा पडला की विषय संपला.

आता तपासणीचं. बांबोळीला जीएमसीच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) जवळ आयपीएचबी आहे, सरकारी मानसोपचार संस्था. तिथल्या ओपीडीत दाखवता येतं. "तिकडे कशाला" असं घरातलं कुणीतरी म्हणणारच, ते ऐकून सोडून द्या. खासगीत जायचं तर पणजी, म्हापसा, मडगाव इथे मानसोपचारतज्ज्ञ आहेत, पण अपॉइंटमेंट घेतानाच विचारा, "मोठ्यांचा एडीएचडी बघता का?" सगळेच बघतात असं नाही.

एडीएचडी रक्ताच्या तपासणीत किंवा एमआरआयमध्ये दिसत नाही. निदान होतं ते तुमच्या आयुष्याच्या हकिकतीवरून. डीएसएम-५ (२०१३) या मानसिक आजारांच्या निदानाच्या अमेरिकन पुस्तकात दोन याद्या आहेत, एक लक्ष न लागण्याची आणि दुसरी चंचलपणा-उतावळेपणाची. प्रत्येकीत ९ लक्षणं. लहान मुलांत एका यादीतली किमान ६ लागतात, १७ वर्षांपासून पुढे ५ पुरतात. मात्र त्यातली काही वयाच्या १२ वर्षांआधी दिसलेली हवीत आणि त्रास घर, ऑफिस असा एकाहून जास्त ठिकाणी हवा. म्हणून जुनी प्रगतिपुस्तकं न्या, आणि जमलं तर आईला घेऊन जा. माझ्या आईने डॉक्टरांना सांगितलं, "ही ताट हातात घेऊन घरभर फिरत जेवायची." माझ्या ते गावीही नव्हतं.

जागतिक आरोग्य संघटनेची एएसआरएस नावाची प्रश्नावली आहे. तिचे पहिले ६ प्रश्न चाळणीसाठी. त्यातला एक चक्क असा आहे की, आत मोटर बसवल्यासारखं तुम्हाला कितीदा वाटतं? म्हणजे तुमचा पंप तिथे आधीच पोचलाय. पण ती नुसती चाळणी, निदान नव्हे.

पेडण्याचे_काका
आमच्या वेळी हे असलं काही नव्हतं. दशावतारात रात्रभर जागायचो आणि सकाळी शेतात. आता प्रत्येकाला काही ना काही निघतं.

साखळीचा_संदीप
काका, १९०२ मध्ये जॉर्ज स्टिल या इंग्रज डॉक्टरने लंडनमध्ये अशा मुलांवर व्याख्यानं दिली होती. म्हणजे तुमच्याही वेळी होतं, फक्त अशा पोराला मास्तर छडीने "बरं" करायचे. आणि रात्रभर दशावतार करून वर सकाळी शेतात जाणारे कोण असतील, त्याचाही जरा विचार करा.

पेडण्याचे_काका
ही कोपरखळी पोचली. तरी एक सांगतो, बांबोळीच्या त्या संस्थेला पूर्वी संमोहनविद्येवाल्या आबे फारियाचं नाव होतं. पणजीत जुन्या सचिवालयाजवळ ज्याचा पुतळा आहे, तोच. आपल्या कांदोळीचा माणूस.

औषधवाला_म्हापसा
गोळ्यांचं मी काउंटरच्या आतल्या बाजूने सांगतो. मिथाइलफेनिडेट हे एडीएचडीवरचं उत्तेजक औषध शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियम असलेल्या औषधांच्या सरकारी यादीत येतं. डॉक्टरांची चिठ्ठी दोन प्रतींत लागते, त्यातली एक दुकानदाराने २ वर्षं जपून ठेवायची. विकायला परवानाही वेगळा, म्हणून प्रत्येक फार्मसीत मिळत नाही. कोणत्या दुकानात असतं ते डॉक्टरांनाच विचारून ठेवा आणि पाकीट संपत आल्यावर नव्हे, त्याआधीच पुढची चिठ्ठी घ्या. चतुर्थीच्या तोंडावर धावपळ करणारे दरवर्षी येतात.

दुसरं औषध अ‍ॅटोमॉक्सेटिन. ते उत्तेजक वर्गातलं नाही, साध्या चिठ्ठीवर मिळतं, पण पूर्ण गुण यायला काही आठवडे जातात. लोक दहा दिवसांत "काही उपयोग नाही" म्हणून सोडतात. मला तर वाटतं, निम्म्या तक्रारी याच घाईच्या.

आणि इंग्लंड-अमेरिकेतल्या पाहुण्यांकडून तिकडच्या अ‍ॅम्फेटामाइनच्या गोळ्या मागवू नका. इथे त्या बाजारात नाहीत आणि अमली पदार्थांचा एनडीपीएस कायदा १९८५ चा असला तरी अजून चांगलाच जागा आहे.

बीपी किंवा हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा. उत्तेजक औषधांनी नाडी आणि बीपी थोडं वाढू शकतं, भूक मरते.

चोडणकर
देव बरे करू, सगळ्यांना. ताई, तगमगीचं राहिलं. माझे एक मित्र म्हणतात, ही नुसती चिंता आहे. फरक कसा ओळखायचा?

फोंड्याची_ताई
डॉक्टरच ओळखतील, आणि कित्येकांना दोन्ही असतं. माझ्यापुरतं सांगते. चिंता असते तेव्हा तिला विषय असतो: कर्ज, मुलाचा ताप, सासूबाईंचं ऑपरेशन. ही तगमग विषयाविना येते, आणि सगळं आलबेल असतानाच जास्त. रविवारी दुपारी, जेवण झालंय, काही करायचं नाही, की सुरू. लहानपणापासून आहे, मधेच कधीतरी उगवलेली नाही.

अलीकडेच सुरू झाली असेल तर मात्र आधी थायरॉइड बघा. काही औषधांनीही अशी आतली अस्वस्थता येते, बसवत नाही, उभं राहवत नाही. मानसोपचारातल्या काही गोळ्या तशा असतात, आणि उलटीवरचं मेटोक्लोप्रामाइडही. घेत असलेल्या सगळ्या औषधांची यादी सोबत न्या, अगदी "साधी गॅसची गोळी" सुद्धा.

मी काय करते? ती जाईल ही आशा सोडली. औषधाने आवाज कमी झालाय, बंद नाही. भजनाला बसले की टाळ मागून घेते. हाताला काम असलं की अभंग उलट जास्त ऐकू येतो, नाहीतर तिसऱ्या कडव्याला मी मनाने बाजारात. फोनवर बोलायचं ते फेऱ्या मारत. कंटाळवाणं काम असलं की मैत्रिणीला व्हिडिओ कॉल लावते. बोलायचं नाही, ती तिच्या वह्या तपासते, मी माझी बिलं. समोर माणूस असला की उठवत नाही, का ते देव जाणे. जून-जुलैत घरात कोंडलं की तगमग दुप्पट होते, म्हणून पावसातही छत्री घेऊन चक्कर मारते. शेजारणी काय म्हणायचं ते म्हणोत.

चहा तेवढा मोजा. औषध आणि वर पाच कप, मग छाती धडधडते आणि आपण म्हणतो औषध वाईट.

साखळीचा_संदीप
ऑफिसात सांगावं का, हे कुणी विचारायच्या आधी: गरज पडल्याशिवाय नको, हे माझं मत. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ मुळे डॉक्टर तुमची माहिती गुप्त ठेवायला बांधील आहेत. विमा कंपनीलाही मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच संरक्षण द्यावं लागतं, तेव्हा पॉलिसी काढून वाचा. साहेबांना सांगायचंच तर निदान नको, सोय मागा. "तारीख सोमवारची सांगा, शुक्रवारची नको", असं.

काणकोणची_पूजा
मध्येच विचारते. काणकोणहून बांबोळी म्हणजे अख्खा दिवस मोडतो, आणि घरी अजून सांगितलेलं नाही. आधी फोनवर कुणाशी बोलता येईल का?

औषधवाला_म्हापसा
टेली-मानस, मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६. सरकारी आहे, फुकट, दिवसरात्र चालू, भाषा निवडता येते. निदान फोनवर होणार नाही, पण पुढे कुठे जायचं ते विचारून घ्या. आणि बांबोळीला जाल त्या दिवशी सकाळची पहिली बस धरा.