मदत हवी आहे : पनीर-दह्यासाठी गाडी कुठली घ्यावी?

नमस्कार मंडळी. नाशिकहून मुंबईला दही-पनीर पोचवायचं आमचं काम. वडिलांचे दोनच हट्ट: शंका आलेला माल दुकानात उतरवायचा नाही आणि ड्रायव्हरला जागरण करायला लावून खेप मारायची नाही. आता दोन जुन्या गाड्या बदलायच्यात. आता नव्याने बनणाऱ्या, एकूण वजन साडेतीन टनांवर असलेल्या ट्रकला एसी केबिन सक्तीची झालीय, ते बरंच झालं. मे महिन्यात कसारा घाटात बसून बघा एकदा!

अडचण मागच्या डब्याची. पनीर ४ अंशांच्या आसपास हवं आणि दार दहा ठिकाणी उघडतं. गाडीच्या इंजिनवर चालणारं कूलिंग घ्यावं, की रात्री चार्ज करून ठेवायच्या थंड प्लेट्सचं? सीएनजी गाडीवर रीफर बॉडी (माल थंड ठेवणारा बंद डबा) कुणी बसवलीय का? भरल्या गाडीला घाटात दम पुरतो?