शब्दचर्चा : तेलाची 'पुनर्प्राप्ती' की तेलाचा 'उतारा'?

शेवंती : एका तांत्रिक टिपणाचे मराठी तपासते आहे. त्यात 'कार्बन डायऑक्साइडच्या अंतःक्षेपणाद्वारे वर्धित तेल पुनर्प्राप्ती', 'मिश्रणीय विस्थापन', 'जलाशय दाब' असे शब्द आहेत. व्याकरण बरोबर आहे, पण गोव्यातल्या बेतूलला प्रशिक्षणासाठी आलेल्या फिटरला यातले काय कळणार? बोलीतले शब्द सुचवा.

अंत्रुजकर : आधी 'पुनर्प्राप्ती' काढा. हरवलेले परत मिळाले तर पुनर्प्राप्ती. हे तेल कोणाच्या हाती आलेच नव्हते. नेमका शब्द साखर कारखान्यात रोज वापरतात : उतारा. शंभर टन उसाला जितके टन साखर, तितके टक्के उतारा. तसेच खडकात होते त्यातले किती टक्के तेल वर आले, तो तेलाचा उतारा. खडकाच्या स्वतःच्या दाबावर सहसा ५ ते १५ टक्के येते, पाणी भरून रेटले की एकूण तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. त्यावर कार्बन डायऑक्साइड आणखी ५ ते १५ टक्के काढतो. म्हणून 'वाढीव उतारा'. धारबांदोड्याच्या ऊसवाल्यालाही कळेल. आणि 'अंतःक्षेपण' कशाला? वायू 'भरणे' म्हणा. एक भरण विहीर, दुसरी उपसा विहीर.

चिरेखण : 'जलाशय'ने तर घातच होतो, वाचणाऱ्याला खाली तेलाचे तळे दिसते. जांभ्याच्या चिऱ्यावर पेलाभर रॉकेल ओता. आत शिरेल, पण चिरा उलटा केला तर किती परत येईल? तेल तसे बसलेले असते, छिद्राछिद्रांत. 'तेलधारी खडक' आणि 'थराचा दाब' म्हणा. 'विस्थापन'ही नको बाई, गोव्यात तो शब्द ऐकला की साळावली धरणाखाली गेलेले कुर्डी गाव आठवते. वायू तेलाला रेटतो, एवढे पुरे.

शेवंती : 'मिश्रणीय'ला 'विरघळणारा' चालेल?

अंत्रुजकर : नाही, दोन्हींत मोठा फरक आहे. सोड्यात वायू विरघळलेला असतो, तरी वरचा वायू आणि खालचे पाणी यांच्यात सीमा दिसते. फेणीत पाणी घाला, कितीही घाला, सीमा उरतच नाही. खडकात सीमा राहिली की तिथला ताण राहतो, आणि तोच ताण तेलाचे थेंब बारीक छिद्रांत अडकवून ठेवतो. म्हणून मी 'एकजीव होणारा' म्हणेन. मात्र फेणी-पाण्यासारखा हा वायू पहिल्या भेटीत एकजीव होत नाही. तेलातले हलके-मध्यम घटक ओढून घेत, पुढच्या तेलाला पुन्हा पुन्हा भेटत होतो.

मिठागर : 'एकजीव' वाटणाला ठीक आहे. टिपणात दाबाचा आकडा येणार, तिथे 'किमान मिसळदाब' असा घट्ट शब्द हवा, म्हणजे वायू तेलाशी एकजीव होतो तो सर्वांत कमी दाब. ३१.१ अंश सेल्सिअस आणि ७३.८ बार ओलांडले की कार्बन डायऑक्साइड द्रवासारखा दाट होतो, एवढे सगळे लिहितात. पण दाट झाला म्हणजे तेलात मिसळला असे नाही. मिसळदाब प्रत्येक तेलाचा वेगळा आणि बहुधा याहून बराच जास्त असतो. थर जितका गरम, तितका तो चढतो. वायूत नायट्रोजन किंवा मिथेन असला तरी चढतो.

तो मोजतात असा : बारा मीटर किंवा त्याहून लांब पोलादी नळी, आतून साधारण ६ मिलिमीटर, वेटोळे करून वाळूने ठासून भरायची. तेलाने भिजवायची. मग छिद्रांच्या एकूण आकारमानाच्या १.२ पट वायू सावकाश ढकलायचा आणि उतारा बघायचा. दाब वाढवत हे पुन्हा पुन्हा करायचे. आलेख चढत जाऊन ९० टक्क्यांच्या आसपास मोड खातो, तिथला दाब तो मिसळदाब.

अंत्रुजकर : मान्य. दाबाला 'मिसळदाब', क्रियेला 'एकजीव'.

शेवंती : थोडा वेळ पाणी, थोडा वेळ वायू भरतात, त्याला 'पर्यायी जल-वायू अंतःक्षेपण' लिहिले आहे.

चिरेखण : पाळी! शेताला पाण्याची पाळी देतात तशी वायूची पाळी, पाण्याची पाळी. कारणही लिहा. दाबाखाली दाट झाला तरी वायू तेलापेक्षा कितीतरी कमी चिकट, त्यामुळे सरळ आघाडीने न सरकता त्याला बोटे फुटतात आणि तो सोप्या वाटेने थेट उपसा विहिरीत निघतो. पाण्याची पाळी त्याला आवर घालते. एकाच विहिरीत वायू भरून, तोंड बंद करून दोन-चार आठवड्यांनी तेल काढतात, त्याला मात्र 'मुरवणे'. लोणच्यासारखेच.

मिठागर : पाळ्यांवरून आठवले, 'गंज' शब्द सांभाळून वापरा. कोरडा कार्बन डायऑक्साइड साध्या पोलादाला काही करत नाही. पाणी मिळाले की कर्बाम्ल होते आणि नळी आतून खाल्ली जाते. पाळीच्या विहिरीत तर आलटून पालटून दोन्ही येतात. तिथे तांबडा गंज शोधणारा फिटर फसतो. दिसते ती लोह कार्बोनेटची करडी-काळी खपली, आणि ती सुटली की खाली खड्डा. 'आतून खाणे' लिहा. उपायात १३ टक्के क्रोमचे पोलाद किंवा आतून अस्तर दिलेली नळी.

शेवंती : शेवटचा, 'ओ-रिंगचे स्फोटक विसंपीडन'.

मिठागर : ओ-रिंग म्हणजे सांधा गळू नये म्हणून बसवलेली रबरी कडी. वायू दाबाखाली तिच्या रबरात मुरतो. दाब झटकन सोडला की त्याला बाहेर पडायला वेळ मिळत नाही, रबर फुगून चिरते. 'रिंग फुगून फुटणे' लिहा, आणि शेजारी 'दाब सावकाश सोडा' हेही.