मदत हवी आहे: दक्षिण आफ्रिकेतला ‘चालता’ रूढी-कायदा सिद्ध कसा करतात?

नमस्कार मंडळी. दक्षिण आफ्रिकेतल्या वारसा-कायद्यावरच्या मराठी टिपणासाठी जाणकारांची मदत हवी आहे. ‘चालता’ रूढी-कायदा म्हणजे लोक आज प्रत्यक्ष पाळतात त्या रूढी.

1927 च्या ‘ब्लॅक अ‍ॅडमिनिस्ट्रेशन अ‍ॅक्ट’ने कृष्णवर्णीयांच्या वारशासाठी वंशावर आधारलेली वेगळी व्यवस्था केली. कलम 23 खाली, मृत्युपत्र नसेल तर रूढीप्रमाणे बहुतेकदा थोरल्या पुरुष वारसालाच मालमत्ता जाई. 2004 मध्ये भे खटल्यात घटना न्यायालयाने ते कलम आणि तो नियम रद्द केला. बहुमताने त्या जागी सर्वसाधारण वारसा कायदा लावला. न्यायमूर्ती न्गकोबो यांचं मत वेगळं होतं: रूढी पुसू नका, घटनेनुसार घडवा. मला तेच जास्त पटतं, कारण वसाहतकाळात कागदावर गोठलेली रूढी आणि लोकांची चालती रूढी यांत मोठं अंतर आहे.

खरी अडचण पुराव्याची. 1988 चा पुरावाविषयक कायदा म्हणतो की रूढी सहज आणि पुरेशा निश्चितपणे कळत असेल तर न्यायालय तिची स्वतःहून दखल घेऊ शकतं. चालती रूढी अशी सहज सापडत नाही. 2013 च्या मायेलाने खटल्यात त्सोंगा समाजाच्या विवाह-रूढीबद्दल न्यायालयाला जादा प्रतिज्ञापत्रं मागवावी लागली, आणि त्यांतही एकवाक्यता नव्हती.

दोन प्रश्न आहेत. साक्षी परस्परविरोधी असतील तर पारंपरिक प्रमुख, अभ्यासक आणि घरातल्या बायका यांपैकी कोणाच्या साक्षीला किती वजन देतात? बायकांचं म्हणणं मागे पडू नये म्हणून प्रतिज्ञापत्रात नेमकं काय विचारतात? निकालांचे परिच्छेद क्रमांक दिलेत तर फार उपयोग होईल.