नोंदी थोड्या ठेवा, पण उद्याच्या कामाच्या

एका बालवाडीताईंनी विचारलंय की वर्गातल्या तीस मुलांच्या निरीक्षण-नोंदी ठेवत बसलं तर शिकवायचं कधी. रास्त आहे. पण रोज सगळ्यांचं लिहायचंच कशाला? दिवसाला पाच-सहा मुलं ठरवून घेतली तरी आठवड्यात वर्ग होतो. खिशात छोटी वही, प्रत्येकाची एक-दोन वाक्यं. (वरिष्ठांकडून आलेल्या तक्त्यातले रकाने नंतर भरा, ते कुठे पळून जात नाहीत.)

खरी मेख आहे ती काय लिहायचं यात. 'अंकज्ञान कच्चं' या शेऱ्याचा उपयोग शून्य. 'दहापर्यंत म्हणतो; सात चिंचोके मोजताना एकावर दोनदा बोट ठेवलं, आठ सांगितले' असं लिहिलं की उद्याचं काम आपोआप ठरतं. अंक गिरवायला द्यायचे नाहीत, चिंचोके एकेक उचलून वाटीत टाकत मोजायचे. चार दिवसांनी मणी देऊन पुन्हा बघायचं. तोच मुलगा खाऊच्या वेळी प्रत्येकापुढे बरोबर एकेक ताटली ठेवत असेल तर तेही टिपा. एकास एक संगती त्याला जमतेय, मोजताना कुठला चिंचोका मोजून झाला याचा माग ठेवणं तेवढं जमायचंय.

२०२२च्या पायाभूत स्तराच्या (वय तीन ते आठ) राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानेही तीन ते सहा वयात परीक्षा नकोत, निरीक्षण करा आणि मुलांचं काम बघा, असंच म्हटलंय. तरी केजीच्या 'युनिट टेस्ट' जोरात! पालकांना मार्क हवेत म्हणे. त्यांना एकदा ही वही वाचून दाखवा.

आणि 'बोलत नाही' असं लिहिण्याआधी ते मूल भातुकलीत बघा. डहाणू-तलासरीकडे घरी वारली बोलणारी, वर्गात गप्प वाटणारी मुलं भातुकलीत घडाघडा बोलताना सापडतील.