कंट्री प्रेमगीतांवरून इंग्रजी शिकवावे का?

कृष्णाकाठ (सांगली)
विश्रामबागेत मी दहावीची परीक्षा दिलेल्या मुलांसाठी सुट्टीत इंग्रजीचा वर्ग घेतो. यंदा व्याकरणाच्या जोडीला मी अमेरिकी कंट्री शैलीतील प्रेमगीते ऐकवू लागलो, तेव्हा एका पालकांनी "फी इंग्रजीची घेता आणि प्रेमाची गाणी शिकवता" असे तोंडावर सुनावले, म्हणून हा विषय येथे मांडत आहे. ही गाणी बहुधा संथ असतात, शब्द वाद्यांखाली दबत नाहीत आणि त्यांत एक सरळ गोष्ट सांगितलेली असते. विली नेल्सन यांनी १९८२ मध्ये गायलेले 'ऑल्वेज ऑन माय माइंड' घ्या. जे करायला हवे होते ते केले नाही, याची कबुली म्हणजे हे गाणे. त्यामुळे 'शुड हॅव' आणि 'कुड हॅव' ही रूपे त्यात पुन्हा पुन्हा येतात. माझा एक विद्यार्थी 'मला सांगायला हवे होते' या वाक्यासाठी कायम 'आय शुड टोल्ड' लिहीत असे. गाणे दोनदा ऐकल्यानंतर तो फळ्यापाशी गेला, ती ओळ पुटपुटत थांबला, आणि मी काही न सांगता मध्ये 'हॅव' लिहून परत जागेवर बसला.

अजिंक्यतारा (सातारा)
सर, मी तीस वर्षे इंग्रजी शिकवून निवृत्त झाले. प्रेमाला माझी हरकत नाही. नाट्यपदे गुणगुणतच आम्ही मोठ्या झालो. हरकत आहे ती व्याकरणाला. तुम्ही निवडलेल्या गाण्याच्या सुरुवातीलाच, वागणुकीविषयीच्या ओळीत, 'वेल' हवे तेथे 'गुड' आले आहे, ते मुलांना दाखवलेत का? या शैलीत 'शी डझन्ट'ऐवजी 'शी डोन्ट', जागोजागी 'एन्ट' आणि एका वाक्यात दोन नकार हे सर्रास चालते. आपली मुले नेमक्या याच चुका करतात. 'मी काहीच केले नाही' हे मनात मराठीत जुळवून ती 'आय डिडन्ट डू नथिंग' लिहितात, आणि तृतीयपुरुषी एकवचनाचा 'एस' तर लाल शाईचे डबे संपले तरी त्यांच्या हाताला लागत नाही. जी चूक मोडायला आम्ही वर्षे घालवली, तिला तुम्ही चाल लावून देत आहात.

माणदेश (आटपाडी)
बाई, आमच्या घरी आजही 'न्हाय' आणि 'म्या' चालते, तरी मराठीच्या पेपरात मी 'नाही' आणि 'मी' असेच लिहिले. घरची बोली कोणती आणि लेखी भाषा कोणती, हे पोराला कळते.

अजिंक्यतारा (सातारा)
तुम्हाला कळले, कारण दोन्ही मराठी तुमच्या कानावर रोज पडत होत्या. इंग्रजीची एकच बाजू, तीही तासाभरापुरती ऐकणाऱ्या मुलाने 'शी डोन्ट' ही बोली आहे हे कशावरून ओळखावे?

वारणाकाठ (इस्लामपूर)
व्याकरण तज्ज्ञांकडे सोपवून शब्दांविषयी थोडे लिहितो. 'पोर्च' म्हणजे बंगल्यापुढे मोटार लावायची जागा, एवढेच मला ठाऊक होते. या गाण्यांतील माणसे मात्र पोर्चवर बसून संध्याकाळभर कोणाची तरी वाट पाहतात, तेव्हा तो आपला सोपा किंवा ओसरी असावी हे ध्यानात आले. 'क्रीक' हा शब्द ठाण्याच्या खाडीमुळे परिचयाचा होता; अमेरिकेत तो साधा ओढा असतो. शब्दकोशात हे दोन्ही अर्थ असतीलच, पण तेथे ते शोधायला मी कधी गेलो नसतो.

कृष्णाकाठ (सांगली)
बाई, 'गुड'ची ती ओळ मी दाखवली नव्हती. खरे सांगायचे तर माझ्याही लक्षात आली नव्हती. १९७४ मध्ये प्रसिद्ध झालेले डॉली पार्टन यांचे 'आय विल ऑल्वेज लव्ह यू' मी पुढच्या आठवड्यासाठी काढून ठेवले आहे. त्याची सुरुवातच 'इफ' आणि 'वुड'च्या जोडवाक्याने होते, म्हणून संकेतार्थ शिकवायला ते सोयीचे पडेल. मात्र सोमवारी आधी नेल्सन यांचीच ती ओळ फळ्यावर लिहीन आणि तीत काय खटकते, हे मुलांना विचारीन. कोणालाच काही खटकले नाही, तर तुमचा मुद्दा खरा ठरेल आणि तसे मी येथे लिहीन. त्या पालकांना काय सांगावे, हे मात्र अजून सुचलेले नाही.

अजिंक्यतारा (सातारा)
विचारा. पण मुलांना आधी काही सुचवू नका.