बाबांचे खेळ विकून लेकीची फी भरली, तर चुकलं का?

शहापूरची
सरळच विचारते. बाबांनी आयुष्यभर जमवलेले बैठे खेळ विकायला काढलेत. लेक हुबळीला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. फी आणि हॉस्टेल धरून ४५ हजार कमी पडतात आणि २० तारखेच्या आत भरायचेत. इथे बेळगावात, वडगावला आमचे दोन पॉवरलूम, त्यातला एक श्रावणापासून बंद. पुण्याचे एक संग्राहक सगळ्याचे मिळून ४० हजार द्यायला तयार आहेत. भाऊ म्हणाला, "बाबांनाच विकायला निघालीस की." तेव्हापासून घास उतरत नाही.

काय काय आहे ते सांगते. सावंतवाडीची दशावतारी गंजिफा, लाकडी पेटीसकट, दहा अवतारांचे १२० गोल पत्ते, दर अवताराचा राजा, प्रधान आणि दहा पानं. त्यातला कूर्माचा प्रधान आमच्या लहानपणी हरवला. बाबांनी साडीच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर वाटी उपडी ठेवून गोल कापला आणि स्वतः रंगवला. कासवाची मान जरा लांब झालीय. आजीने शिवलेला सोंगट्यांचा पट, १६ सोंगट्या, सहा कवड्या. सागवानी अळगुळी मणे, म्हणजे खळग्यांची खेळायची फळी. आणि जुना व्यापार, त्याच्या नोटा हाताळून कापडासारख्या मऊ झाल्यात.

माझं मत विकावेत असंच आहे. दसऱ्याला पेटी खाली काढायची, पुसायची, परत माळ्यावर ठेवायची. याला जपणं म्हणायचं का?

खानापूरकर
आक्का, विकू नका. फीचं काहीतरी होईल. गंजिफाला तीन जण लागतात, प्रत्येकाला चाळीस पानं. राजा आणि प्रधानाच्या खाली पाच अवतारांत दहाचं पान मोठं, उरलेल्या पाचांत एक्का मोठा. हे डोक्यात ठेवून खेळणारं घर आता आपल्या भागात शोधून सापडत नाही. तुमच्याकडे खेळही आहे आणि खेळ येणारी माणसंही. सोनं तारण ठेवा, चार महिन्यांनी सोडवून घ्या.

शहापूरची
दादा, सोनं गेल्या वर्षीच तारण ठेवलंय. पाटल्या अजून बँकेतच आहेत.

टिळकवाडी
विका, आणि मनाला लावून घेऊ नका. सावंतवाडीच्या गंजिफा संपलेल्या नाहीत. तिथल्या राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी सत्तरच्या दशकात ही कला पुन्हा उभी केली. राजवाड्यात आजही चित्रकार बसून पत्ते रंगवतात. आंबोली घाट उतरलं की झालं. मुलगी नोकरीला लागली की पहिल्या पगारात नवी पेटी आणेल. तिचं वर्ष वाया गेलं तर ते कुठल्या राजवाड्यातून आणणार?

खानापूरकर
नवी पेटी मिळेल हो. लांब मानेचा कूर्म कुठं मिळणार?

निपाणीची मास्तरीण
विकायलाच हवं असेल तर एकगठ्ठा देऊ नका. त्यांना गंजिफा हवी असणार, बाकीचं त्यातच जातंय. प्रत्येक वस्तूची वेगळी किंमत विचारा. एक पत्ता मूळचा नाही हे आधीच सांगा, नाहीतर नंतर त्याच कारणाने पैसे कापतील. ओल्या फडक्याने पत्ते पुसू नका, लाखेचा थर आणि खालचा रंग निघतो. आणि सागवानी फळी किती जुनी आहे ते घरात विचारून घ्या. शंभर वर्षांहून जुनी असली तर १९७२ चा पुरावशेष कायदा लागू होऊ शकतो. अशी वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. घेणारे पुढे ती कुणाला देणार, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

गोकाकचा
आमचं घर कन्नड, मराठी चुकलं तर सांभाळून घ्या. सोंगट्यांना आम्ही पगडे म्हणतो. अळगुळी मणे तर आमचाच शब्द तुमच्या घरात राहायला आलाय. सात-सात खळग्यांच्या दोन ओळी ना? आमची अज्जी चिंचोके घेऊन बसायची, शेजारच्या मराठी काकू समोर. दोघींना एकमेकींची भाषा नीट येत नव्हती, डाव मात्र दुपारभर चालायचा. आक्का, पत्ते द्या हवे तर, ती फळी तेवढी ठेवा.

शहापूरची
सगळ्यांचं वाचलं. मास्तरीणबाईंचं पटलं, आजच फोन करून वेगवेगळी किंमत मागितली. फळी आजोबांनी बाबांच्या लग्नात करून घेतली होती, म्हणजे शंभर वर्षं नक्कीच नाहीत. पण हे ठेवा, ते ठेवा म्हणणाऱ्यांना एक सांगते. अर्धं ठेवून अर्धी फी भरता येत नाही. कॉलेज पुठ्ठ्याचा कूर्म घेत नाही.

बाबा खेळ जपून ठेवणारे नव्हते. लाईट गेली की गल्लीतले सगळे माग एकदम थांबायचे, कान बधिर झाल्यासारखं वाटायचं. मग बाबा कंदील लावून कट्ट्यावर पेटी आणायचे आणि पानं वाटल्यावर विचारायचे, "दिवस का रात्र?" दिवसा रामाचा राजा ज्याच्याकडे त्याने सुरुवात करायची, रात्री कृष्णाचा. सगळ्यांना माहीत असायचं, तरी विचारायचेच. हाताला सुताची तूस चिकटलेली असायची, ती पत्त्यांना लागायची. लाईट आली की डाव तसाच टाकून सगळे मागावर. त्यांनी डावापेक्षा काम मोठं मानलं. मी तेच करतेय, असं मला खरंच वाटतं.

खानापूरकर
हे वाचून मला बोलवेना. तरी माझा विरोध आहे. ते डाव टाकून जायचे, पेटी विकून नव्हे.

टिळकवाडी
दादा, त्यांच्यावर वेळ आलीय, आपल्यावर नाही. पुरे आता.

शहापूरची
बोलू द्या त्यांना, राग नाही. पुण्याचा फोन आला. एकट्या गंजिफेचे ३२ हजार म्हणतात, पट आणि व्यापार मिळून ६. फळी वगळली तर त्यांची हरकत नाही. म्हणजे ३८. उरलेले ७ भाऊ देतो म्हणाला, अजून माझ्याशी धड बोलत नाही तरी. फळी घरात राहील, गोकाकच्या दादांनी अज्जीचे चिंचोके असले तर पाठवावेत.

पेटी सोमवारी जाणार. रविवारी दुपारी तीनला कट्ट्यावर शेवटचा डाव मांडतेय. मी आणि भाऊ दोघं आहोत, तिसरा हात हवाय.

खानापूरकर
मी येतो. अडीचची बस पकडली तर उशीर होईल, एकची पकडतो. विकायला विरोध आहे तो आहेच. पानं वाटून ठेवू नका, मी आल्यावर वाटा. दिवस आहे, रामाने सुरुवात.